ओपीए सुरू आहे, पण बोलत नाही

प्रश्न : ऑफिसमधले परवानगीचे नियम घरी तपासण्यासाठी ओपन पॉलिसी एजंट (ओपीए) डॉकरच्या वेगळ्या कंटेनरमध्ये चालवतो. पोर्ट ८१८१ जोडला आहे, लॉगमध्ये एररही नाही. पण उत्तर येत नाही.
– एक वाचक, तुळिंज

उत्तर : पोर्ट तुम्ही जोडलात, पण इंजिन ऐकतंय कुठे? डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून ओपीए पत्ता दिला नाही तर फक्त लोकलहोस्टवर ऐकतं आणि कंटेनरचा लोकलहोस्ट म्हणजे तुमचा लॅपटॉप नव्हे. सर्व्हर सुरू करताना ०.०.०.०:८१८१ हा पत्ता द्या. लॅपटॉपच्या बाजूने मात्र पोर्ट १२७.०.०.१लाच बांधा. ओपीए आपणहून कुणाला ओळख विचारत नाही. नाहीतर तुमच्या वायफायवरचा कुणीही नियम बदलू शकेल.

पुढचा घोळही सांगून ठेवतो. उत्तरात नुसता रिकामा महिरपी कंस आला, तर तो नकार नव्हे. नियम लागूच झाला नाही, एवढाच अर्थ. म्हणून ‘डीफॉल्ट अलाउ’ला ‘फॉल्स’ लिहाच.

खरं तर नुसते नियम तपासायला सर्व्हर हवा कशाला? नियमांचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं माउंट करा आणि त्याच इमेजला ‘टेस्ट’ ही कमांड द्या. इमेज एकदा उतरवली की नेट गेलं तरी काम अडत नाही. ‘लेटेस्ट’ टॅग टाळा. ऑफिसात जी आवृत्ती आहे, तीच घरी वापरा.