धावताना पाणी किती प्यावे?

जानेवारीत मुंबईची २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन धावून आलेले दोन तरुण माझ्या दवाखान्यात आले. एकाच्या पोटऱ्यांत पेडर रोडच्या चढावर गोळे आले होते. दुसरा तहान नसतानाही प्रत्येक थांब्यावर पाणी प्यायला. शेवटी मळमळ, डोकेदुखी, बोटे सुजून अंगठी घट्ट. सुदैवाने तो बरा झाला, पण मला काळजी त्याचीच वाटली. अति पाण्याने रक्तातील सोडियम घटते, मेंदूला सूज येऊ शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांत सोडियम कमी आढळले होते. तेव्हा वाचकहो, तहानेपुरतेच पाणी प्या. धावल्यानंतर कोणी असंबद्ध बोलू लागला, तर आणखी पाणी न पाजता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्या.