निवेदिकेच्या कानापर्यंत

अगं, तुला कॅमेरा मिळाला नाही, टॉकबॅकच्या, म्हणजे पडद्यामागून एकमेकांशी बोलण्याच्या, तारांची पेटी मिळाली, म्हणून तू हिरमुसलीस असं आई सांगत होती. हिरमुसू नकोस पोरी, आणि माझं जरा ऐक.

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीचा सोहळा आठव. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली, तिथून थेट प्रक्षेपण चालू असतं. समोर अफाट गर्दी. भाषण लांबलं, पाहुण्यांचा क्रम बदलला, आता आटप किंवा अजून दोन मिनिटं बोलत राहा, हे निवेदिकेला कोण सांगणार? तिच्या कानातला इअरपीस. निर्मात्याने बटण दाबलं की तिच्या कानातला कार्यक्रमाचा आवाज खाली जातो आणि त्याचा आवाज वर येतो. त्या एका तारेवर ती विसंबून असते, आणि ती तार तुझ्या हातात आहे.

तार माइकचीच दिसते, टोकाला तोच तीन पिनांचा कॅनन कनेक्टर. म्हणूनच घात होतो. साध्या डायनॅमिक माइकच्या तारेत नुसता क्षीण आवाज असतो, टॉकबॅकच्या तारेत वीजही असते. क्लिअरकॉम कंपनीच्या पद्धतीत एक नंबरची पिन सामायिक, दोनवर सुमारे ३० व्होल्ट आणि तीनवर आवाज. आरटीएस कंपनीच्या दोन चॅनेलच्या पद्धतीत मात्र दोन नंबरवर वीज आणि पहिल्या चॅनेलचा आवाज एकत्र, तीनवर दुसरं चॅनेल. निवेदिकेच्या इअरपीसच्या तारेतही तसंच: दोनवर वीज आणि मध्येच तोडता येणारा आवाज, तीनवर न तुटणारा कार्यक्रम. तेव्हा पेटी उघडलीस की आधी विचार, पद्धत कोणती? आणि मिक्सरच्या माइक इनपुटात ही तार कधीच खुपसू नकोस.

कोणी ‘माइकची तार आहे, चालून जाईल’ म्हणालं तर मीटर लावून बघ. दोन आणि तीन उलट जोडलेल्या तारेवर माइक बिनबोभाट चालतो, पण क्लिअरकॉमचा बेल्टपॅक, म्हणजे हेडसेट जोडायची कमरेची पेटी, मेलेलाच राहतो. शिवाय काही तारांत एक नंबरची पिन कनेक्टरच्या पत्र्याच्या अंगाशी जोडलेली असते. ते अंग मंडपाच्या लोखंडाला टेकलं की सगळ्यांच्या कानात घूंऽऽ सुरू. अशा तारा वेगळ्या काढून त्यांवर रंगीत टेप मार. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथेच लक्ष दे, कारण बिघाड बहुतेक वेळा यंत्रात नसतो, तारेच्या टोकाला असतो.

आता लांबीचं. २२ गेजच्या शंभर मीटर तारेचा रोध एका वाटेला पाच ओहमच्या वर जातो, आणि वीज परत यायलाही वाट लागतेच. टोकाला दहा बेल्टपॅक प्रत्येकी ५० मिलिअँपिअर घेत असतील तर अर्धा अँपिअर झाला. म्हणजे नुसत्या जाण्याच्या वाटेवर अडीच व्होल्टच्या वर गळाले. तार दुप्पट लांब केलीस की गळतीही दुप्पट. म्हणून सगळे पॅक एकाच लांब माळेत ओवू नकोस. पॉवर सप्लाय मधोमध ठेवून फांद्या काढ, आणि निवेदिकेची फांदी वेगळ्या आउटपुटवर ठेव. कॅमेऱ्याकडची एखादी तार खुर्चीखाली चिरडून शॉर्ट झाली तर निवेदिकेचा कान बंद पडायला नको.

टर्मिनेशन, म्हणजे लाइनवर जोडलेला ठरावीक रोध, प्रत्येक लाइनला एकाच जागी. दोन मुख्य स्टेशनं जोडलीस तर एकाचं बंद कर. दोन्ही चालू राहिली तर आवाज पडतो, दोन्ही बंद असली तर हेडसेट शिट्ट्या मारू लागतात.

आणि वीज? जनरेटर बदलताना क्षणभर जाते, हे तुला मी काय सांगू! टॉकबॅकचा सप्लाय यूपीएसवर ठेव, दिव्यांच्या डिमरच्या फेजवर मुळीच नको. दिव्यांच्या जाड केबलींपासून आपल्या तारा लांब ने, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांड.

चंद्रपूरजवळच्या घुग्घुसची धूळ तुला माहीत आहे, खाणींचा कोळसा आणि सिमेंट दोन्ही. ती पिनांवर बसते आणि आवाज खरखरतो. पेटीत ठेवताना कनेक्टरांवर टोप्या घाल, काँटॅक्ट क्लीनर मारून पुसून घे. हे सामान पुन्हा काढशील तेव्हा तुझेच हात दुवा देतील.

शेवटची तपासणी निवेदिकेबरोबरच कर, तिच्या जागेवर उभी राहून. तिला कोणता कान सोयीचा, आवाज किती हवा, ते तिलाच विचार. मोबाइल लिंकवरून आवाज येत असेल तर तिचा स्वतःचा आवाज त्यातून वगळलाय ना, हे बघ; उशिरा परतलेला आपलाच आवाज ऐकून चांगल्या चांगल्यांची जीभ अडखळते. आणि लाइन जाण्याची खूण तिच्याशी आधीच ठरव: तिने कानाला हात लावला की तू मंचाच्या बाजूने सुटी तार घेऊन पोचायचं.