हेल्मेटमधला पंखा

या वर्षी आमच्या शाळेच्या वार्षिकोत्सवात स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा यांच्या अंतराळप्रवासावर एक छोटे नाटक बसवले होते. ३ एप्रिल १९८४ रोजी सोयुझ टी-११ या यानातून ते अंतराळात गेले. ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी. आपल्यापैकी बहुतेकांना तिथेच जायचे आहे, त्यामुळे या नाटकात काम मिळावे म्हणून सगळ्यांची धडपड होती. माझ्याकडे वेशभूषेची जबाबदारी आली.

मोठ्या फुग्यावर कागदाच्या लगद्याचे थर देऊन मी हेल्मेट केले. समोर पारदर्शक प्लास्टिकची काच लावली आणि मानेभोवती फोमचे कडे बसवले. दिसायला ते उत्तम झाले होते. तालमीत ते आठवीच्या एका कॅडेटच्या डोक्यावर चढवले. दोनच मिनिटांत काचेवर वाफ धरली. "सर, काही दिसत नाही," तो म्हणाला. मी म्हणालो, "थोडं सहन कर, कॅडेट आहेस ना?" तो गप्प उभा राहिला. सात-आठ मिनिटांनी मात्र तो मटकन खाली बसला. आमच्याकडे ज्युनिअर सिनिअरला 'सर' म्हणतात, पण तेव्हा त्याच्या तोंडून निघाले, "दादा, गुदमरतंय!" आम्ही हेल्मेट काढले, त्याला वाऱ्यावर बसवून पाणी दिले. थोड्या वेळाने त्याला बरे वाटले.

फिजिक्सचे सर तिथेच होते. ते रागावले नाहीत. तेच हेल्मेट माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता तू घाल." मी जेमतेम चार मिनिटे टिकलो. त्या रात्री प्रेपमध्ये मी पंख्याचा आराखडा काढला. तोच येथे देत आहे.

पंखा का हवा?

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो, तर आपण सोडलेल्या श्वासात सुमारे ४ टक्के. बंद हेल्मेटमध्ये हाच श्वास पुन्हा पुन्हा आत जातो. शिवाय हवा दमट झाली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. पंखा हवा थंड करत नाही. तो फक्त जुनी हवा बाहेर काढून नवी आत आणतो, आणि तेवढे पुरते.

साहित्य

५ व्होल्टचा, ४० मिलिमीटरचा डीसी पंखा (माझा ०.१५ अँपिअर घेतो), चार्ज होणारे चार पेन्सिल सेल, सेलची डबी, स्विच, अर्ध्या अँपिअरचा फ्यूज, लाल-काळी वायर, ओढताच सुटणारा दोन पिनांचा प्लग आणि बारीक जाळी.

एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणून चार सेल ओळीने जोडले की ४.८ व्होल्ट मिळतात. सेलची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास असेल तर २ ÷ ०.१५ म्हणजे सुमारे तेरा तास. प्रत्यक्षात थोडे कमी मिळतील, पण नाटकाला भरपूर झाले.

कृती

१. गरम हवा वर जाते, म्हणून पंखा हेल्मेटच्या मागे, वरच्या बाजूला बसवा. त्याने हवा बाहेर फेकली पाहिजे. पंख्याच्या कडेवर बाण नसेल तर लक्षात ठेवा: सहसा ज्या बाजूला स्टिकर असतो त्या बाजूने हवा बाहेर पडते.

२. हवा आत येण्यासाठी काचेच्या खालच्या कडेला भोके पाडा. इथेच माझे चुकले होते. मी ५ मिलिमीटरची चारच भोके पाडली. पंखा फिरत होता, पण हवा हलत नव्हती. πr² काढून पाहिले तेव्हा कळले. पंख्याचे तोंड सुमारे ११ चौरस सेंटीमीटर आणि माझी भोके मिळून एकही नाही! मग दीड सेंटीमीटर व्यासाची सात भोके पाडली, म्हणजे सुमारे १२ चौरस सेंटीमीटर. नवी हवा काचेवरून जाऊ लागली आणि वाफही कमी झाली.

३. जोडणी करताना सेल डबीत घालू नका. डबीच्या धन टोकापासून फ्यूज, स्विच, प्लग आणि मग पंख्याची लाल वायर असा क्रम ठेवा. काळी वायर प्लगमधूनच ऋण टोकाला जाईल. प्रत्येक सांधा सोल्डर करून झाका. हा पंखा उलटा जोडला तर उलटा फिरत नाही. तो फिरतच नाही, आणि बिघडूही शकतो.

४. सेल डोक्याजवळ ठेवू नका. वजन वाढते, आणि सेल तापला तर धोका. यानाकडे चालत जाताना सोयुझच्या अंतराळवीरांच्या हातात एक पेटी असते. ती त्यांच्या पोशाखात हवा खेळवते. आम्ही तशीच पुठ्ठ्याची पेटी करून सेल त्यात ठेवले आणि वायर बाहीतून वर नेली.

५. प्लग मानेपाशी ठेवा, म्हणजे हेल्मेट उचलले की वायर आपोआप सुटेल. पात्यांना आतून जाळी लावा.

चाचणी

खालच्या भोकांजवळ, बाहेरून, उदबत्ती धरा. धूर आत ओढला जाऊन मागून बाहेर आला तर पंखा बरोबर बसला. त्यानंतर मी स्वतः वीस मिनिटे हेल्मेट घालून उभा राहिलो. मगच त्या कॅडेटला विचारले. तो 'हो' म्हणाला, तेव्हा आम्ही खूण ठरवली: डावा हात वर केला की कोणीही, काहीही न विचारता, हेल्मेट काढायचे.

प्रयोगाच्या दिवशी काचेच्या एका कोपऱ्यात थोडी वाफ धरली होती, आणि पंख्याची घरघर पहिल्या रांगेपर्यंत ऐकू येत होती. पण त्याला हात वर करावा लागला नाही.

सहन करायला आपण इथे रोज शिकतो आणि ते शिकलेच पाहिजे. पण 'सहन कर' हे आधी स्वतःला सांगायचे असते. दुसऱ्याला सांगण्यापूर्वी त्याचे हेल्मेट एकदा आपल्या डोक्यावर घालून पाहा.

जय हिंद!