उंबरठ्यापलीकडची तहारत

फिकहच्या अभ्यासाला आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर पहिला धडा येतो तो तहारतचा. हनफी फिकहचे प्रसिद्ध ग्रंथ उघडून पाहिले तर 'किताबुत्तहारत' आधी आणि नमाज, जकात, रोजा यांची प्रकरणे त्यानंतर, असाच क्रम दिसतो. हा क्रम सहज ठरलेला नाही. पाकीखेरीज नमाज होत नाही. पाकी हा ईमानाचा अर्धा हिस्सा असल्याचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले (मुस्लिम). पश्चात्ताप करून परतणारे आणि पाक-साफ राहणारे लोक अल्लाहला प्रिय आहेत, असे कुरआन सांगते (सूरह अल-बकरा : 222).

हा धडा आपण लहानपणापासून गिरवतो. वुजूचे फराइज मुलांना तोंडपाठ असतात, कपड्यावर शिंतोडा उडाला तर आपण अस्वस्थ होतो, घराची फरशी दिवसातून दोनदा पुसली जाते. परंतु त्याच घरातील कचऱ्याची पिशवी गाठ मारून ओढ्याच्या काठावर भिरकावताना मनात शंकाही येत नाही. तहारत उंबरठ्यापाशी संपते, अशी आपली नकळत समजूत झालेली आहे. ती समजूत दीनच्या शिकवणीशी जुळते काय, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

उकिरडा का बिघडला?

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारखे गाव आता धड खेडे राहिलेले नाही आणि धड शहरही झालेले नाही. शेजारी वारणानगरचा साखर कारखाना, दूध संघ आणि महाविद्यालये, भोवती उसाचे मळे, मध्ये गजबजलेली बाजारपेठ. वस्ती शहरासारखी वाढली. कचऱ्याविषयीची सवय मात्र जुन्या खेड्याची राहिली.

जुन्या खेड्याची ती सवय वाईट नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. घरामागचा उकिरडा ही एक विचारपूर्वक घडलेली रचना होती. शेण, गोठ्यातला गाळ, चुलीची राख, पालापाचोळा, भाजीची देठे हे सर्व त्यात पडे आणि कुजून खत होऊन शेतात परत जाई. कागद, लोखंड, बाटली भंगारवाला घेऊन जाई. टाकलेली प्रत्येक वस्तू कोठे तरी कामी येत होती, म्हणून 'टाकणे' निरुपद्रवी होते.

प्लास्टिक आले आणि ही रचना मोडली. आज त्याच उकिरड्यात दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, बाळाचे डायपर, संपलेले सेल, फुटलेल्या ट्यूबलाइट, औषधांची पाकिटे आणि इंजेक्शनच्या सुया पडतात. यांतले काहीही कुजत नाही. उलट जे कुजले असते त्यालाही ते बिघडवते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही. तो सडतो, दुर्गंधी सुटते, काळे पाणी झिरपते. फुटक्या डब्यांत व करवंट्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. कचरा पेटवला तर त्याचा विषारी धूर शेजारच्या दमेकऱ्याच्या छातीत जातो.

महाराष्ट्र शासनाने मार्च 2018 मध्ये अधिसूचना काढून अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. बंदी आवश्यकच होती. पण मोडलेली रचना केवळ बंदीने दुरुस्त होत नाही. तिच्या जागी नवी रचना उभी करावी लागते. आपल्या परिसरातील साखर उद्योग याचा चांगला नमुना आहे. ऊस गाळून उरलेले बगॅस बॉयलरमध्ये जळून वाफ आणि वीज देते, मळीपासून अल्कोहोल बनते, प्रेसमडचे खत होते. वस्तूला योग्य जागा दिली की ती कामाची, जागा चुकली की तीच कचरा. हेच मळीमिश्रित सांडपाणी प्रक्रिया न होता नदीत गेले, तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे तडफडून मरतात.

पाणी खाली वाहते

सार्वजनिक जागा घाण करण्याविषयीची एक हदीस येथे अत्यंत मननीय आहे. प्रेषितांनी (स.) तीन ठिकाणी शौच करण्यास मनाई केली आणि ही कृत्ये लोकांचे शाप ओढवून घेणारी ठरवली : लोक जेथे पाण्यासाठी येतात ती जागा, वाहता रस्ता आणि सावली (अबू दाऊद). या तीन जागांत साम्य काय आहे? तिन्ही कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. त्या सर्वांच्या आहेत. मनाईचे कारण ध्यानी घेतले तर ओढ्यात लोटलेला कचरा, रस्त्यावर ओतलेले खरकटे आणि झाडाखाली टाकलेल्या पिशव्या त्याच हुकमाच्या कक्षेत येतात.

दुसरी हदीस जहाजाची आहे (बुखारी). काही प्रवासी जहाजाच्या वरच्या मजल्यावर, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. आपल्यामुळे वरच्यांना त्रास नको, म्हणून आपण आपल्याच भागात एक भोक पाडून घ्यावे, असे त्यांच्या मनात आले. प्रेषितांनी (स.) समजावले की इतरांनी त्यांना तसे करू दिले तर सर्वच बुडतील आणि त्यांचे हात धरले तर सर्वच वाचतील. भोक पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता आणि जागाही त्यांच्याच वाट्याची होती, हे येथे विशेष लक्षात घ्यावे. तरीही धोका सर्वांना होता.

आपल्या जिल्ह्याने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून पंचगंगा होते, कोल्हापूर शहराजवळून वाहते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. शहराचे सांडपाणी जयंती नाला, दुधाळी नाला अशा वाटांनी नदीकडे येते. वाटेत आणखी गावांची गटारे आणि कारखान्यांचे पाणी तिला मिळते. खालच्या अंगाला इचलकरंजी आहे. 2012 साली त्या शहरात दूषित पाण्यामुळे काविळीची साथ पसरली, हजारो माणसे आजारी पडली, अनेकांचे प्राण गेले. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे विषाणू माणसाच्या विष्ठेतून पाण्यात येतात, आणि 'ई' प्रकारची कावीळ गरोदर स्त्रीला तर विशेष घातक ठरते. पंचगंगेच्या प्रदूषणाचे प्रकरण पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेले.

नदीकाठच्या वरच्या गावात पिशवी भिरकावणाऱ्याने खालच्या गावातील रुग्णाचा चेहरा कधी पाहिलेला नसतो. परंतु हक्कुल इबाद, म्हणजे माणसांचे एकमेकांवरील हक्क, ओळखीवर अवलंबून नसतात. ज्याचे नुकसान झाले त्याने माफ केल्यावाचून हा हिशेब मिटत नाही, असे उलमा सांगतात. मग ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याची माफी मागावी तरी कशी? म्हणून येथे शहाणपण एकच : नुकसान होऊच देऊ नये.

हात कोणाचे?

कचऱ्याचा दुसरा प्रवास नदीकडे नव्हे, तर माणसाच्या हाताकडे होतो. आपण एकत्र बांधून दिलेली पिशवी कोणी तरी उघडते, आणि आत काच आहे की सुई, हे त्याला हात घातल्यावरच कळते.

या प्रश्नावर आपल्याच राज्यात मोलाचे काम झाले आहे. पुण्यात 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 पासून पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. दाराशी येऊन ओला आणि सुका कचरा वेगळा घ्यायचा, सुक्यातले विकण्याजोगे विकून उत्पन्न मिळवायचे, अशी ही रचना आहे.

या स्त्रियांपुढे एक बिकट अडचण होती. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर उघडेच कचऱ्यात येत आणि ते हाताने वेगळे करावे लागत. त्यावर संस्थेने जुन्या वर्तमानपत्रांच्या खास पिशव्या तयार करविल्या. पॅड त्यात घालून द्यावे, म्हणजे वेचणारीचा हात त्याला लागत नाही. ज्यांना पिशवी मिळत नाही त्यांनी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, अशी मोहीमही चालविली गेली. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही कचरा घरातच तीन प्रकारांत वेगळा करणे आणि असा कचरा गुंडाळून देणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले गेले.

कागदाची पिशवी आणि लाल ठिपका! यात मोठे यंत्र नाही की मोठा खर्च नाही. पण ज्याने ही रचना केली त्याने आधी एका अनोळखी स्त्रीच्या हाताचा विचार केला. चांगल्या रचनेची हीच कसोटी म्हणता येईल : आपल्या सोयीचा भार तिने दुसऱ्याच्या अंगावर टाकू नये.

मस्जिदे नबवी झाडणाऱ्या एका व्यक्तीची हकिकत बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. बहुतेक वर्णनांनुसार ती एक कृष्णवर्णीय स्त्री होती. तिचे निधन झाले तेव्हा लोकांनी ती बाब किरकोळ मानली आणि प्रेषितांना (स.) कळविले नाही. ती दिसेना म्हणून त्यांनी चौकशी केली, आपल्याला का सांगितले नाही असे विचारले, आणि तिच्या कबरीवर जाऊन तिच्यासाठी नमाज अदा केली. झाडणाऱ्या हातांचा हा सन्मान ज्या उम्मतला शिकविला गेला, तिच्या मोहल्ल्यातील सफाई कामगाराला उघडी सुई आणि शिळा रस्सा एकाच पिशवीत मिळावा, हे शोभते काय?

पालिकेचा दोष आणि आपला वाटा

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. अनेक वस्त्यांत घंटागाडी वेळेवर येत नाही, गटारे तुंबलेली असतात, तक्रार केली तरी दाद लागत नाही. हा नागरिकाचा हक्क आहे आणि तो सनदशीर मार्गाने, ग्रामसभेत आणि अर्ज-विनंत्यांनी, चिकाटीने मागितलाच पाहिजे. मात्र गाडी आली नाही म्हणून शेजाऱ्याच्या भिंतीशी कचरा टाकण्याची मुभा मिळत नाही. स्वतःलाही हानी नको आणि दुसऱ्यालाही नको, हे प्रेषितांनी (स.) घालून दिलेले तत्त्व (इब्ने माजा) फिकहचा एक पायाभूत नियम मानले गेले आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला हे लहानसे शहर या बाबतीत आशा देणारे आहे. तेथे नगरपरिषदेने घराघरांतून वेगळा केलेला कचराच स्वीकारण्यावर भर दिला. ओल्यापासून खत व बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या कामात उपयोग, अशी व्यवस्था लावली. जेथे कचऱ्याचा डेपो होता ती जागा लोक पाहावयास येऊ लागले. यंत्रणा आणि घर या दोघांनी आपापला वाटा उचलला म्हणून हे घडले.

मशिदीपासून आरंभ

मोठ्या योजना कधी येतील त्या येवोत. आपल्या जमाअतीच्या हातात असलेल्या चार गोष्टी पुढे मांडल्या आहेत.

पहिली, वुजूचे पाणी. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत (बुखारी), म्हणजे आजच्या मापाने साधारण एक लिटर किंवा त्याहून कमी. आपण नळ सोडून वुजू केला तर पाच लिटर सहज जातात. एका वेळी शंभर नमाजी धरले तर पाचशे लिटर पाणी गटारात गेले. बारीक धारेचे नळ बसवावेत आणि वुजूखान्याचे पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून झाडांना सोडावे. झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचे पुण्य मिळते, हेही हदीसमध्ये आले आहे.

दुसरी, कुर्बानी. आतडी आणि टाकाऊ भाग ओढ्यात किंवा उघड्यावर टाकणे हे इबादतीच्या दिवशीच इतरांना त्रास देणे होय. विहीर व बोअरपासून दूर, कमरेइतका खोल खड्डा आधीच खणून ठेवावा, वर चुना आणि मातीचा जाड थर द्यावा. रक्त रस्त्यावर वाहू देऊ नये. मोहल्ल्याने मिळून एक जागा ठरवली तर अधिक चांगले.

तिसरी, वलीमा आणि इफ्तार. खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, हा कुरआनचा उपदेश आहे (सूरह अल-आराफ : 31). धुण्याजोगी ताटे व पेले जमाअतीने एकदाच विकत घ्यावेत आणि सर्वांना वापरावयास द्यावेत. प्लास्टिकचे ग्लास आपोआप थांबतील.

चौथी, ओला कचरा. एक भाग ओल्या कचऱ्याला दोन भाग वाळलेले पाचट किंवा पालापाचोळा, अधूनमधून उलथापालथ आणि पिळलेल्या फडक्याइतका ओलावा, एवढ्यावर दोन-तीन महिन्यांत उत्तम खत होते. ज्या गावाभोवती उसाचे पाचट पेटवून दिले जाते, तेथे त्याची वाण नाही.

कुरआनात जमिनीची घडी नीट बसल्यानंतर तिच्यात फसाद माजवू नये, अशी ताकीद आहे (सूरह अल-आराफ : 56). फसाद म्हणजे केवळ दंगा आणि रक्तपात, असे आपण समजतो. स्वच्छ ओढा नासवणे, पिकत्या मातीत न कुजणारे विष मिसळणे, हीदेखील बसलेली घडी विस्कटणेच आहे. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानाची सर्वांत लहान शाखा सांगितली आहे (मुस्लिम). ती वस्तू वाटेत टाकणाऱ्याने आपले स्थान स्वतःच ओळखावे.

अभ्यासवर्तुळात चर्चेसाठी

1. आपल्या घरातील कचरा दारातून निघाल्यावर शेवटी कोठे जाऊन पडतो? ती जागा या आठवड्यात प्रत्यक्ष पाहून यावी.

2. आपल्या मोहल्ल्याचा कचरा उचलणाऱ्या व्यक्तीचे नाव आपणास ठाऊक आहे काय? तिला कामात कोणत्या वस्तूंचा सर्वाधिक त्रास होतो, हे तिलाच विचारावे.

3. जहाजाच्या हदीसमध्ये हात धरणाऱ्यांची जबाबदारी कोणती? ती न दुखावता, हिकमतीने कशी पार पाडावी?

अल्लाह तआला आपले शरीर, आपली घरे आणि आपल्या वाटा पाक ठेवण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांस देवो, आणि आपल्या हातून कोणाही अनोळखी माणसाचा हक्क बुडू न देवो. आमीन.