घरातील अज्ञात आवाजाचा मागोवा

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या परिसर-अभ्यास व सामान्य विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी पाठ-टिपण)

'ध्वनी' हे प्रकरण शिकविताना आपण बहुधा शाळेची घंटा, तंबोऱ्याची तार किंवा ताणलेले रबर यांपासून आरंभ करतो. कंप पावणाऱ्या वस्तूपासून ध्वनी उत्पन्न होतो, हे विधान मुले पाठ करतात व परीक्षेत लिहितात. तथापि ध्वनीविषयीचा पहिला खरा प्रश्न मुलाच्या मनात घंटेमुळे उद्भवत नसतो. दिवा मालवल्यावर माळ्यावर काहीतरी खडखडते आणि अंथरुणातले मूल श्वास रोखून ऐकू लागते, तेव्हा तो उद्भवतो. त्या प्रश्नाला शाळेत जागा मिळावी, एवढ्यासाठी हा पाठ सुचविला आहे.

मुळशी तालुक्यातील माण हे गाव या पाठासाठी सोयीचे आहे. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान वसाहतीचा काही भाग याच गावच्या शिवारात वसला. हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोमार्गाचा डेपोही येथेच आहे. त्यामुळे येथे जुने कौलारू घर आणि त्याच्या पाठीस लागून भाडेकरूंसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या खोल्या, असे जोडघर जागोजागी आढळते. अवजड वाहने, जनित्रे आणि पाया खोदणारी यंत्रे यांचे आवाज रात्रंदिवस चालू असतात. जुन्या घराचे आवाज आजीला ठाऊक असतात, नव्या घराचे घरधन्याला. पण दोन्ही घरे एकमेकांस जोडल्यामुळे जे आवाज नव्याने निर्माण होतात, ते कोणाच्याच ओळखीचे नसतात.

अशा आवाजाला घरात लवकर नाव मिळते. कोणी पूर्वीच्या मालकाचे स्मरण काढतो, कोणी 'करणी' म्हणतो, आणि मग बोट बहुधा घरातील सर्वांत दुबळ्या व्यक्तीकडे, नव्या सुनेकडे किंवा शेजारच्या एकट्या राहणाऱ्या बाईकडे वळते. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणे हा गुन्हा ठरविला आहे. परंतु पोलीस येण्याच्या कितीतरी आधी त्या बाईचे घरातील जिणे अवघड होऊन बसते. तेव्हा आवाजाचा उगम शोधणे हे केवळ कुतूहलाचे काम नव्हे, हे शिक्षकाने ध्यानी ठेवावे. मुलांना मात्र प्रारंभीच असे गंभीर प्रवचन देऊ नये.

नमुना म्हणून माण गावातील एक घर कल्पावे. पुढे कौलारू भाग, माजघरात आजी निजते. मागे दोन मजली नवे बांधकाम, वरच्या गच्चीवर पाण्याची टाकी. रात्री माजघराच्या भिंतीतून 'टक्, टक्, दण्' असा आवाज येतो आणि पहाटे आपोआप थांबतो. दिवा घेऊन पाहावे तर भिंतीपाशी काही नाही.

वर्गात प्रथम सर्वांचे तर्क फळ्यावर लिहून घ्यावेत. उंदीर, घूस, मांजर, पत्रा, सुकलेले लाकूड, वरचे भाडेकरू, नळ, अशी नावे येतील. एखादा मुलगा हळूच म्हणेल, "गुरुजी, भूत." त्यावर हसू नये व इतरांना हसू देऊ नये, 'भूत' हेही फळ्यावर लिहावे. मग प्रत्येक तर्कापुढे एकच प्रश्न मांडावा : हा तर्क खरा असेल, तर आणखी काय आढळावयास हवे? उंदीर असतील तर माळ्यावर पसरलेल्या राखेत पावले उमटावयास हवीत. पत्रा असेल तर सूर्य मावळल्यानंतर थोड्याच वेळात आवाज यावयास हवा. भुतापुढे काय लिहावे हे कोणासच सांगता येत नाही, कारण भूत कधीही, कोठेही व कसाही आवाज करू शकते असे मानलेले असते. ज्या तर्काची परीक्षाच घेता येत नाही, तो तर्क शोधाच्या कामी येत नाही, हे मुलांच्या ध्यानी आपोआप येते.

यानंतर नोंदवही. आवाज किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, मधील अंतर सारखे होते की कमीजास्त, त्या वेळी घरात काय चालू होते, हे निदान आठ रात्री लिहावे. नोंद मोठ्या माणसाने ठेवावी. मुलांस जागरण नको. या कंटाळवाण्या कामाचे मोल पटविण्यास ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील रेडिओ-दुर्बिणीची हकीकत सांगावी. तेथे १९९८ पासूनच्या नोंदींत काही विलक्षण संकेत आढळले होते. ते आकाशातून येतात की पृथ्वीवरून, हे बरीच वर्षे उमगेना. परंतु ते संकेत बहुतेक दिवसा, माणसे कामावर असतानाच उमटत. अखेर २०१५ साली उलगडा झाला : वेधशाळेतील मायक्रोवेव्ह भट्टीचे दार ती बंद होण्यापूर्वीच कोणी उघडले की तो संकेत उमटत असे. आकाशातील कोडे स्वयंपाकघरात सुटले, ते घड्याळामुळे.

आपल्या कल्पित घराच्या नोंदवहीत असे दिसले असे समजावे : गावच्या नळाचे पाणी रात्री अकराला सुटते. आवाज बहुधा दीडला सुरू होतो व चारच्या सुमारास, पाणी बंद होताच थांबतो. दिवाळीत भाडेकरू आपापल्या गावी गेले, तेव्हा आवाज बंद होईल असे सर्वांस वाटले. उलट तो साडेअकरालाच सुरू झाला! येथे शिक्षकाने थांबावे. उत्तर सांगू नये. भाडेकरू नसताना आवाज लवकर का व्हावा, यावर मुलांना पाच-दहा मिनिटे विचार करू द्यावा. कोणीतरी म्हणेलच की भाडेकरू नव्हते म्हणून पाणी कमी खर्च झाले, टाकी आधीच बरीचशी भरलेली होती, आणि ती लवकर काठोकाठ आली. म्हणजे आवाजाचा संबंध पाणी येण्याशी नसून टाकी भरत येण्याशी आहे. माझ्या मते या पाठाचा गाभा हाच. येथे दोन तासिका गेल्या तरी त्या वाया गेल्या असे समजू नये.

पण टाकी मागच्या गच्चीवर आणि आवाज पुढल्या माजघरात, हे कसे? येथे ध्वनीचे शास्त्र उपयोगी पडते. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. लोखंडातून सुमारे ५,००० मीटर, म्हणजे जवळजवळ पंधरा पट वेगाने, आणि वाटेत फारसा न विरता. एका मुलाने लांब बाकाच्या टोकाला कान लावावा व दुसऱ्याने दुसऱ्या टोकास नखाने खरवडावे. हवेतून ऐकू न येणारा आवाज लाकडातून स्पष्ट येतो. शिवाय आपले कान दिशा ओळखतात ती ध्वनी एका कानाशी किंचित आधी पोहोचतो म्हणून. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. बंद खोलीत भिंतींवरून परावर्तित झालेले ध्वनी त्यात मिसळले, आणि आवाज खोल व घुमणारा असला, की कानाची फसगत होते. म्हणून घरातील प्रत्येक माणूस वेगळ्या कोपऱ्याकडे बोट दाखवितो, आणि कोणीही खोटे बोलत नसतो.

यास उपाय सोपा आहे. वाळलेल्या काठीचे एक टोक भिंतीस, नळास, तुळईस टेकवून दुसऱ्यास कान लावावा व आवाज कोठे मोठा होतो ते पाहावे. विजेच्या पेटीजवळ किंवा तारेजवळ काठी मुळीच नेऊ नये. पॅरिसमधील लेनेक या डॉक्टराने १८१६ साली कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीस लावून हृदयाचे ठोके ऐकले, आणि त्यातूनच डॉक्टरांची नळी निघाली. आपली काठी त्याच कुळातली. आपल्या घरात आवाज सर्वांत मोठा लागला तो आजीच्या उशाशी नव्हे, तर टाकीकडे जाणारा लोखंडी नळ जिथे जुन्या तुळईला घासून भिंतीत शिरतो त्या जागी.

आता टाकीकडे वळावे. टाकीत पाणी वर चढले की तरंगता चेंडू उचलला जातो आणि तोटी मिटते. चेंडूच्या तोटीतील वायसर झिजला असेल तर ती पुरती मिटत नाही. पाण्याच्या हेलकाव्याबरोबर मिटते, उघडते, पुन्हा मिटते. वाहते पाणी दर वेळी एकाएकी अडले की त्याचा धक्का नळातून मागे धावतो. रशियातील झुकोव्हस्की या शास्त्रज्ञाने १८९७-९८ च्या सुमारास मॉस्कोच्या नळांवर या धक्क्याचा अभ्यास केला. सेकंदाला केवळ एक मीटर वेगाने वाहणारे पाणी लोखंडी नळात एकदम अडविले, तर क्षणभर सुमारे बारा वातावरणांइतका जादा दाब उत्पन्न होऊ शकतो. तोटी इतकी कडक मिटत नाही म्हणून धक्का याहून पुष्कळ कमी बसतो. तरी नळ हालतो, तुळईवर आपटतो, आणि तुळई व भिंत मिळून तंबोऱ्याच्या भोपळ्याचे काम करतात.

एवढ्यावर समाधान मानू नये. घरातील मोठ्या माणसाने आवाज चालू असताना नळाची खालची चावी बंद करावी. आवाज थांबला पाहिजे. चावी सोडावी, तो पुन्हा आला पाहिजे. असे तीनदा करावे, कारण एकदा थांबणे हा योगायोगही असू शकतो. सकाळी टाकीच्या ओव्हरफ्लोच्या नळीखाली ओल दिसली, तर झिजलेल्या वायसरची ती दुसरी साक्ष. मग दुरुस्तीही एकेक करावी. आधी नळ व तुळई यांच्यामध्ये रबराचा तुकडा बसवावा. माजघर शांत होईल, पण गच्चीवर खटखट चालूच राहील. वायसर बदलल्यावर तीही थांबेल. उगम वेगळा व मार्ग वेगळा, हे मुलांना असे दोन टप्प्यांतच कळते. दोन्ही दुरुस्त्या एकदम केल्या तर घर शांत होईल, धडा मात्र हुकेल.

दुसऱ्या घरात दुसरे कारण निघेल. तीन मीटर लांबीचा लोखंडी पत्रा दिवसा साठ अंशांपर्यंत तापून रात्री वीस अंशांवर आला, तर सुमारे दीड मिलिमीटर आखडतो. खिळ्यांनी जखडलेला असल्यामुळे तो हळूहळू न आखडता टणकन सुटतो. लाकडात भुंगेऱ्याची अळी असेल तर बारीक कुरकुर ऐकू येते व खाली पीठ पडते. गव्हाणी घुबड माळ्यावर असेल तर त्याची पिले घोरल्यासारखा फुत्कार करतात. मांडणीवरील एखादेच पातेले रस्त्यावरून मालमोटार जाताना थरथरते, कारण त्याची स्वतःची कंपनसंख्या त्या घरघरीशी जुळते. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची असल्याने रोहित्राचा गुंजारव शंभर कंपनांचा असतो. आणि क्वचित, दगड पडणे, दार वाजणे यामागे घरातलेच माणूस निघते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापिलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना भानामतीच्या प्रकरणांत हाच अनुभव वारंवार आला. पुष्कळदा ते माणूस मनाने दुखावलेले, ज्याचे कोणी ऐकून घेत नव्हते असे असे. मुलांच्या शोधात असे काही निघाल्यास शिक्षकाने वर्गात त्याचा उच्चार करू नये. घरच्या वडीलधाऱ्यांशी एकांतात बोलावे.

काही आवाजांचा मागोवा मुलांनी घ्यावयाचाच नाही, हे मात्र निक्षून सांगावे. सरपणाच्या ढिगातून कुकरच्या शिटीसारखा मोठा फुत्कार आला तर ती घोणस असण्याचा संभव आहे. तेथून दूर व्हावे व मोठ्यांस हाक मारावी. स्वयंपाकघरात सूं असा आवाज व गॅसचा वास असेल तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद काहीच करू नये, दारेखिडक्या उघडून बाहेर पडावे. विजेच्या पेटीतून तडतड येत असेल तर तिला हात लावू नये. पावसाळ्यात तुळई करकरू लागली आणि भिंतीतून माती गळू लागली, तर कारण घराबाहेर येऊन शोधावे.

शेवटी, घराच्याही खालून येणारे आवाज. लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात १९९२ साली धक्के व जमिनीतून आवाज येत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली, पुष्कळशी मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींखाली. त्यामुळे १५ फेब्रुवारी २०२३ रोजी लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या परिसरात जमिनीतून गूढ आवाज आला, तेव्हा लोक घाबरले यात नवल नाही. जिल्हा प्रशासनाने लातूर, औराद शहाजानी व आशिव येथील भूकंपमापन केंद्रांकडे विचारणा केली; भूकंपाची नोंद आढळली नाही. आवाज आला हे खरे आणि भूकंप नव्हता हेही खरे, अशी ही नोंद आहे. मुलांच्या वहीतही असे एखादे पान राहील. त्यावर 'उगम सापडला नाही' असे लिहून, तारीख घालून, कोणकोणते तर्क गळाले ते खाली लिहावे. उत्तर नाही म्हणून शिक्षकाने गुण कापू नयेत.

स्वाध्याय : प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरी रात्री जेवणानंतर दहा मिनिटे डोळे मिटून बसावे व ऐकू आलेले सर्व आवाज लिहावेत. ज्यांचा उगम ठाऊक आहे त्यांपुढे तो लिहावा, जे ठाऊक नाहीत त्यांपुढे जागा मोकळी ठेवावी. दुसऱ्या दिवशी आजी-आजोबांस विचारून मोकळ्या जागांपैकी किती भरल्या, ते वर्गात सांगावे.