कार्यालयातील छोटे दूरध्वनी केंद्र

धुळे शहरातून पांझरा नदी वाहते. तिच्या दक्षिण तीरावर जुने धुळे आणि उत्तर तीरावर देवपूर वसले आहे. देवपुरातील एखाद्या मोठ्या इस्पितळाची कल्पना करा. दारापाशी बसलेला लिपिक आपल्या दूरध्वनीवर दोन कळा दाबतो आणि तिसऱ्या मजल्यावरील परिचारिकेशी बोलू लागतो. या संभाषणासाठी बाहेरच्या तारेची गरज पडत नाही, आणि त्याचे पैसेही पडत नाहीत. इस्पितळाचे स्वतःचे एक लहानसे दूरध्वनी केंद्र असते. एका भिंतीवरील पेटीत ते मावते.

अशा पेटीची गरज का पडावी? दोन यंत्रे परस्परांस जोडावयास तारांची एक जोडी पुरते. तीन यंत्रांस तीन जोड्या लागतात, चार यंत्रांस सहा, दहा यंत्रांस ४५ आणि वीस यंत्रांस तब्बल १९०! पण प्रत्येक यंत्राची जोडी मध्यभागी एकाच ठिकाणी आणली, तर वीस यंत्रांस वीसच जोड्या पुरतात. कोणास कोणाशी जोडावे, हे त्या मध्यस्थाने पाहावे. दूरध्वनी केंद्राचे सारे मर्म या एका युक्तीत आहे.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यास १८७६ साली दूरध्वनीचे एकस्व मिळाले. पुढे सहाच वर्षांत, २८ जानेवारी १८८२ रोजी, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. त्या काळी मध्यस्थाचे काम माणूसच करी. मोठ्या फळीसमोर बसून तो एकाची तार दुसऱ्याच्या छिद्रात खोवीत असे. १८९१ साली अमेरिकेतील ऑल्मन स्ट्रोजर याने आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळवले. विशेष हे, की तो अभियंता नव्हता. अंत्यविधीची व्यवस्था करणे हा त्याचा व्यवसाय होता. आता हेच काम बोटभर लांबीच्या विद्युत्‌मंडलांकडून होते. भारतात १९८४ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या संस्थेने आपल्या देशाच्या उष्ण हवेत टिकणारी लहान केंद्रे तयार केली, आणि खेडोपाडी दूरध्वनी पोहोचला.

आता पेटीची रचना पाहू. तिला दोन प्रकारच्या तारा येतात. शहराच्या केंद्राकडून येते ती ‘बाहेरची लाईन’ आणि खोल्याखोल्यांत जाते ते ‘एक्स्टेंशन’. एखाद्या पेटीत बाहेरच्या तीन लाईन व आठ एक्स्टेंशने एवढीच सोय असते. इस्पितळ वाढले, नवे कक्ष उघडले, की ही सोय अपुरी पडते. तेव्हा संपूर्ण पेटी टाकून द्यावी लागत नाही. चांगल्या पेटीत रिकाम्या खाचा राखलेल्या असतात. त्यांत नवे ‘कार्ड’ बसविले, म्हणजे आणखी काही यंत्रे जोडता येतात. घराचा पाया घालतानाच वरच्या मजल्याचा विचार करावा, तसेच हे.

कार्ड बसविण्याचे काम मात्र सावधपणे करावे लागते. प्रथम विजेचा पुरवठा बंद करतात. अंगावर साठलेल्या स्थिर विजेने कार्डातील नाजूक भाग जळू शकतात. म्हणून कारागीर जमिनीशी जोडलेल्या धातूस आधी हात लावतो. मग तारा ओळखाव्या लागतात. केबलमधील पहिल्या पाच जोड्यांत एक तार पांढरी असते, आणि तिची सोबतीण अनुक्रमे निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी व राखाडी. हा क्रम पाठ असला, म्हणजे शंभर तारांच्या गुंत्यातही हवी ती जोडी सापडते. कोणती जोडी कोणत्या खोलीत जाते, याची नोंद वहीत करणारा कारागीर पुढच्या माणसाचे कष्ट वाचवतो.

प्रत्येक यंत्र प्रत्येक जागी चालतेच असे नाही. साधा दूरध्वनी व फॅक्स एका प्रकारच्या जोडणीवर चालतात. लिपिकापुढील अनेक कळांचे डिजिटल यंत्र दुसऱ्या प्रकारची जोडणी मागते. त्या यंत्राच्या बाजूस कळांची एक जादा पट्टी जोडता येते. तिच्यावरील दिवा लागला, की कोणता कक्ष बोलण्यात गुंतला आहे, हे तत्काळ कळते.

यानंतर येतो क्रमांकांचा प्रश्न, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. बाहेर बोलावयाचे असल्यास बहुधा आधी शून्य दाबावे लागते. समजा, एका खोलीस १० हा क्रमांक दिला आणि घाबरलेल्या माणसाने रुग्णवाहिकेसाठी १०८ दाबले. पेटी १ व ० ऐकून त्याच खोलीची घंटा वाजवील. रुग्णवाहिका येणार नाही!

ही भीती काल्पनिक नाही. १ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात मार्शल गावच्या एका हॉटेलात एका स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने शिकवल्याप्रमाणे ९११ हा संकटकाळचा क्रमांक चार वेळा दाबला. पण त्या हॉटेलात बाहेर बोलण्यासाठी आधी ९ दाबावा लागे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आई वाचली नाही. मुलगी चुकली नव्हती. व्यवस्था चुकली होती. त्या मातेच्या नावाने अमेरिकेत २०१८ साली कायदा झाला. नव्या दूरध्वनी व्यवस्थेत संकटकाळचा क्रमांक थेट लागलाच पाहिजे, असे त्याने ठरविले.

म्हणून जाणता कारागीर अंतर्गत क्रमांक १ ने सुरू करीत नाही, १०१ व १०८ थेट लागतील अशी योजना करतो, आणि वीज गेल्यावरही निदान एक यंत्र बाहेरच्या लाईनीशी आपोआप जोडले जाईल अशी तजवीज ठेवतो. तारा जोडणे हे हाताचे काम होय. पण त्या तारेच्या टोकाशी एखादा संकटातला माणूस असू शकेल, हे ध्यानी ठेवणे हे मनाचे काम होय. दोन्ही मिळून कारागिरी पूर्ण होते.

स्वाध्याय

१. बारा यंत्रे परस्परांस थेट जोडावयास तारांच्या किती जोड्या लागतील? मध्यस्थ पेटी असल्यास किती?
२. अंतर्गत क्रमांक १ ने सुरू का करू नयेत?
३. ‘मुलगी चुकली नव्हती, व्यवस्था चुकली होती’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : मर्म, तजवीज, अपुरी पडणे, ध्यानी ठेवणे.
५. तुमच्या शाळेतील दूरध्वनीवरून १०८ थेट लागतो का, याची गुरुजनांकडे चौकशी करा व पाच ओळी लिहा.