दोष कसा कळवावा ?

सॉफ्टवेअर बिघडलें म्हणजे आपण तें करणारास लिहितों, "चालत नाहीं." गतवर्षीं आमच्या एका विद्यार्थ्यानें शिष्यवृत्तीच्या अर्जाविषयीं एवढेंच कळविलें. उत्तर आलें, "आमच्याकडे चालतें." दोघांचेंही म्हणणें खरें होतें, आणि मुदतीचे दोनच दिवस उरले होते !

आतां एक निराळी हकीकत ऐका. ती ट्रे हॅरिस या अमेरिकन गृहस्थांनीं २००२ सालीं लिहिली. पूर्वीं ते एका विद्यापीठाची ई-मेल व्यवस्था पाहात असत. एके दिवशीं संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनीं त्यांस कळविलें कीं, आमचें ई-मेल पांचशें मैलांपलीकडे जात नाहीं. ई-मेलास मैलांचें काय ! परंतु या प्राध्यापकांनीं कांहीं दिवस थांबून, पत्र कोठें पोंचतें व कोठें अडतें याची माहिती जमविली होती. शिवाय, थोड्याच दिवसांपूर्वीं एका तंत्रज्ञानें आमच्या यंत्रांत दुरुस्ती केली, हेंही त्यांनीं सांगितलें. हॅरिस यांनीं स्वतः पत्रें पाठविलीं. न्यूयॉर्कचें गेलें, प्रॉव्हिडन्सचें अडलें.

शोधाअंतीं कळलें कीं, त्या दुरुस्तींत पत्रें पाठविणाऱ्या सेंडमेल या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ति बसली होती, आणि सूचना मात्र नव्या आवृत्तीच्या राहिल्या होत्या. त्या न उमगल्यामुळें, दूरच्या यंत्राच्या उत्तराची वाट पाहण्याची मुदत शून्य झाली. प्रत्यक्षांत सुमारें तीन सहस्रांश सेकंद. तेवढ्या वेळांत प्रकाश सुमारें ५५८ मैल जातो. (जाण्यायेण्याचा हिशेब धरल्यास अंतर निम्में होईल, ही शंका चाणाक्ष वाचकांस येईलच. गोष्ट रंजक व्हावी म्हणून तपशील थोडे बदलल्याचें हॅरिस यांनींच कबूल केलें आहे.)

प्राध्यापकांस कारण ठाऊक नव्हतें, व त्यांनीं तें सांगण्याचा हट्टही धरिला नाहीं. "तार तुटली असावी" असें लिहिते, तर सारे तारच शोधीत बसते. त्यांनीं पाहिलें तेंच सांगितलें.

मात्र विचारणारानेंही नीट विचारावें. २००८ सालच्या एका अभ्यासांत अपाचे, इक्लिप्स व मोझिला येथील सॉफ्टवेअरकारांनीं सांगितलें कीं, दोष पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या आम्हांस फार उपयोगी पडतात. आणि नेमक्या त्याच देणें सामान्य माणसास अवघड वाटतें. म्हणून "काय झालें ?" यापेक्षां "आधीं काय दाबलें ? मग पडद्यावर कोणतीं अक्षरें आलीं ?" असें विचारणें बरें.

आमच्या विद्यार्थ्यास मीं शेजारीं बसवून अर्ज पुन्हा भरावयास लाविला. प्रत्येक पायरी, पडद्यावरील तांबडीं अक्षरें, निवडलेल्या छायाचित्राच्या फाइलीचें नांव, सर्व जसेंच्या तसें लिहून रात्रीं धाडलें. सकाळीं उत्तर आलें. फाइलीचें नांव मराठींत होतें. त्यांच्याकडील परीक्षेंत सारीं नांवें इंग्रजींत होतीं. नांव बदलतांच अर्ज गेला.